विस्मरणात गेलेला महान गोलंदाज : पालवणकर बाळू



लोणावळ्याच्या, कामशेतच्या, वडगावच्या मैदानावर सुट्टीत तुम्ही क्रिकेट खेळता ना? मग एक सांगा, बॅटिंग कोणाला हवी असते? सगळ्यांनाच! आणि खेळ सुरू होण्याआधी खेळपट्टीवरचे दगड वेचायला, पाणी मारायला किती जण पुढे येतात? आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांची सुरुवात याच दुसऱ्या कामापासून झाली.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, जातीने चर्मकार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जाई. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथे एका पारशी क्लबच्या मैदानाची देखभाल करण्यासाठी त्यांना महिना तीन रुपये पगार मिळे. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर लागले. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करत असे. डावखुऱ्या बाळूंची संथ फिरकी अशीच घडत गेली. पण क्लबमध्ये त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते. संघात अस्पृश्य खेळाडू घ्यावा की नाही, यावर वाद झाला. शेवटी त्यांना घेतले, आणि ते सामने जिंकून देऊ लागले. मैदानात सगळे त्यांच्याच हातचा चेंडू झेलत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू चालतो, पण कप चालत नाही! काय वाटत असेल त्यांना, विचार करून बघा.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. तेव्हाही पुण्याहून मुंबईला जाणारी रेल्वे आपल्या लोणावळ्यावरून बोरघाट उतरूनच जात असे. मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही संघात होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे बरेच सामने गेले, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांचे 179 बळी आहेत, आणि सरासरी सुमारे 15 धावांची.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला. त्यानंतर बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले, आणि थोडा वेळ का होईना, मैदानात संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंबद्दल आदर होता. पण राजकारणात दोघांचे मार्ग वेगळे झाले. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. थोर माणसांमध्येही मतभेद असतात, हेही इतिहासातून शिकायचं.

4 जुलै 1955 रोजी बाळूंचे निधन झाले. त्याच वर्षी, बरोबर चार महिन्यांनी, 4 नोव्हेंबरला अमेरिकेत साय यंग वारला. तो बेसबॉलचा थोर पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजच. पुढच्याच वर्षी, 1956 पासून, तिथे सर्वोत्तम पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार देण्यास सुरुवात झाली. गंमत अशी, की तो पुरस्कार मिळवणाऱ्यांपैकी कितीतरी नावं आज तिथले लोकही विसरलेत. पण साय यंगचं नाव दरवर्षी नव्याने घेतलं जातं. आणि आपल्या बाळूंचं? तुमच्या वर्गात किती जणांनी आजच्या आधी हे नाव ऐकलं होतं, हात वर करा बरं!

मित्रांनो, माणूस फक्त काळामुळे विसरला जात नाही. ज्याला जिवंतपणी बाहेर बसवलं, त्याला आठवणीतही बाहेर ठेवणं सोपं जातं. हे आपण बदलू शकतो. उद्या मैदानावर जाल तेव्हा एवढंच करा : जो खेळपट्टी साफ करतो, त्याला बॅटही द्या, आणि पाण्याची बाटली सगळ्यांची एकच असू द्या.

विचार करा आणि लिहा :
1. बाळूंच्या भावांनी 1920 साली खेळायला नकार का दिला? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
2. तुमच्या गावातल्या एखाद्या विसरल्या गेलेल्या खेळाडूची माहिती आजी-आजोबांना विचारून दहा ओळींत लिहा.