वीज जमिनीत उतरवणारा छापखानेवाला : बेंजामिन फ्रँकलिन

उंच इमारतीच्या माथ्यावर टोकदार सळई आणि तिथून जमिनीत गेलेली जाड पट्टी आपण पाहतो. पडणारी वीज सरळ जमिनीत उतरवणारा हा वीजरोधक. तो शोधला अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी. पेटंट घेतलं असतं तर भरपूर पैसा मिळाला असता. पण त्यांनी एकाही शोधाचं पेटंट घेतलं नाही. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, मग आपला शोधही सगळ्यांना फुकट मिळावा, असा त्यांचा साधा हिशोब होता.

१७ जानेवारी १७०६ ला बोस्टन शहरात त्यांचा जन्म झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात १७ भावंडं, त्यात हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात कामाला लागला. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला. पुढं दोन मित्रांनी पैसे उसने दिले म्हणून स्वतःचा छापखाना उभा राहिला. ही उसनवारी ते कधी विसरले नाहीत.

एकट्याला परवडत नाही ते दहाजणांनी मिळून करायचं, ही त्यांची रीत. १७३१ मध्ये वर्गणी काढून वाचनालय सुरू केलं. १७३६ मध्ये आग विझवायला गावकऱ्यांचं पथक उभं केलं.

त्याच वर्षी त्यांचा चार वर्षांचा मुलगा देवीच्या रोगानं गेला. टोचल्यामुळंच पोर गेलं, अशी गावात कुजबुज सुरू झाली. फ्रँकलिन यांनी आपल्याच वर्तमानपत्रात खरं छापलं : मुलाला टोचलंच नव्हतं. दुसऱ्या आईबापांनी घाबरून टोचणी टाळू नये, म्हणून स्वतःचं दुःख चारचौघांत मांडलं. ही हळहळ त्यांना जन्मभर राहिली.

१७५२ चा पतंगाचा प्रयोग तर प्रसिद्धच आहे. त्यांच्यावर वीज पडली नव्हती. ढगातली वीज भिजलेल्या दोरीतून खाली आली आणि किल्लीतून ठिणगी उडाली. पण असला प्रयोग कुणीही करायचा नाही. पुढच्याच वर्षी रशियात ढगातल्या विजेचा प्रयोग करताना रिचमन नावाच्या शास्त्रज्ञाचा जीव गेला.

१७७६ मध्ये, सत्तरीत, त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. मग फ्रान्सला जाऊन मदत मिळवली. १७८३ मध्ये इंग्लंडशी तह केला आणि १७८७ मध्ये, ८१ व्या वर्षी, राज्यघटनेवर सही केली. या लढ्यात मुलगा विल्यम इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं राहिला. बापलेकात पडलेली फूट शेवटपर्यंत सांधली नाही.

आणखी एक गोष्ट झाकून चालणार नाही. फ्रँकलिन यांच्या घरात गुलाम होते. त्यांच्या पेपरात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या. पण म्हातारपणी ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये ही प्रथा बंद करा, असा अर्ज त्यांच्या सहीनं अमेरिकेच्या संसदेत गेला. संसदेनं तो मानला नाही. १७ एप्रिल १७९० ला, ८४ व्या वर्षी, ते वारले.

जाताना मृत्युपत्रात त्यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. अट अशी : हा पैसा तरुण कारागिरांना धंद्यासाठी कर्जानं द्यायचा. व्याज ५ टक्के, जामीनदार दोन, फेड दहा वर्षांत. परत आलेला पैसा पुन्हा दुसऱ्या तरुणाला. हे २०० वर्षांसाठी लिहून ठेवलं होतं. १९९० मध्ये मुदत संपली, तेव्हा दोन्ही शहरांकडं मिळून लाखो डॉलर शिल्लक होते. दोन मित्रांनी कधीकाळी दिलेल्या उसन्या पैशांची ही परतफेड होती.