फॅरडे यांनी टेम्समध्ये टाकलेली पांढरी कार्डे

मायकेल फॅरडे म्हटले की विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि १८३१ साल आठवते. लोहाराच्या घरी २२ सप्टेंबर १७९१ रोजी जन्मलेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तीच पुस्तके वाचून शिकलेला हा मुलगा १८१३ मध्ये हंफ्री डेव्ही यांचा मदतनीस म्हणून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिरला. पुढची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. लंडनच्या नदीशी त्यांचा आलेला संबंध मात्र चरित्रांत बहुधा दोन ओळींत आटोपतो.

७ जुलै १८५५ रोजी त्रेसष्ट वर्षांचे फॅरडे आगबोटीने टेम्समधून निघाले होते. वेळ दुपारची, नदीला ओहोटी लागलेली. पाणी गढूळ, फिकट तपकिरी. फॅरडे यांनी पांढरी कार्डे फाडून त्यांचे तुकडे केले, सहज बुडावेत म्हणून ते भिजवले आणि बोट ज्या ज्या धक्क्याला लागली तेथे एकेक पाण्यात सोडला. लख्ख ऊन असूनही इंचभर खोल जाण्याआधीच तुकडा दिसेनासा होई. कडेवर उभा पडलेला तुकडा तर वरचा भाग बुडण्यापूर्वीच खालून नाहीसा होई. पुलांजवळ मैल्याचे लोट पृष्ठभागापर्यंत उसळत होते. दुर्गंधी रस्त्यावरच्या गटारांच्या तोंडांतून येते तीच होती. आपण नुकतेच खेड्यातल्या मोकळ्या हवेतून आल्यामुळे ती अधिक जाणवली असेल, अशी कबुलीही त्यांनी ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात दिली. शास्त्रज्ञाचा हा प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा आहे.

टेडिंग्टनपासून समुद्रापर्यंतची टेम्स भरती-ओहोटीची नदी आहे. ओहोटीला सोडलेला मैला समुद्राकडे निघतो, पण पुढची भरती त्यातला बराचसा शहरात परत आणते. १८५३-५४ च्या पटकीने लंडनमध्ये १०,००० हून अधिक बळी घेतले होते. टेडिंग्टनखालचे पाणी घरोघरी पुरवण्यास १८५२ च्या कायद्याने बंदी केली खरी, परंतु तिचा अंमल ३१ ऑगस्ट १८५५ नंतर सुरू व्हायचा होता.

‘पंच’ साप्ताहिकाने फॅरडे नाक दाबून मळकट टेम्सबाबाला आपले कार्ड देत आहेत असे व्यंगचित्र छापले. लोक हसले, नदी तशीच राहिली. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधीने पार्लमेंटला बसणे अशक्य केले, तेव्हा कुठे कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या मलवाहिन्यांचे काम मार्गी लागले. त्या वाहिन्यांनीही मैला शुद्ध केला नाही, शहराच्या पूर्वेस नेऊन सोडला. शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, ही खाडी जैविकदृष्ट्या मृत ठरली. सांडपाण्यावरील प्रक्रिया सुधारून पाण्यात प्राणवायू परतला, तेव्हा १९७४ मध्ये तेथे पुन्हा सामन मासा सापडला.

१८६५ मध्ये इटलीचे अँजेलो सेकी यांनी पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी वापरली. खाड्यांची तपासणी करणारे आजही ती दोरीने सोडतात आणि दिसेनाशी होते ती खोली नोंदवतात. फॅरडे यांच्या कार्डांमागची कल्पना हीच होती. त्यांच्याजवळ दोरी तेवढी नव्हती.

प्रिन्स आल्बर्ट यांच्या सूचनेवरून राणी व्हिक्टोरियाने १८५८ मध्ये फॅरडे यांना हॅम्प्टन कोर्ट येथे घर दिले. तेही टेम्सच्याच काठी, पण टेडिंग्टनच्या वर, जेथे भरतीचे पाणी पोहोचत नसे. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले.