टिळकांचा मधुमेह आणि दंडावरचा सेन्सर

लोकमान्य टिळकांना मधुमेह होता, हे अनेकांना ठाऊक नसते. तरुणपणी डेक्कन कॉलेजात त्यांनी एक अख्खे वर्ष व्यायामासाठी दिले होते. तरी हा आजार जडायचा तो जडलाच. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. वय आणि प्रकृती पाहून सरकारने सक्तमजुरी वगळली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना मंडालेला नेले.

मागे ‘केसरी’ची धुरा आपल्याच भागाशी नाते असलेल्या दोघांनी वाहिली. एक सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. दुसरे न. चिं. केळकर, त्यांचे शालेय शिक्षण मिरजेत झाले, आणि टिळकांनी पुण्याला बोलावण्याआधी ते साताऱ्यात वकिली करत होते.

मंडालेत टिळकांपुढे रोजचा प्रश्न होता जेवणाचा. गहू-तांदूळ सोडून ते सातूच्या पिठावर आले. तेव्हा इन्सुलिन नव्हते, गोळ्या नव्हत्या. पथ्य हाच उपचार. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून झाले ते याच पथ्यावर.

पण पथ्य लागू पडते आहे की नाही, हे कळायचे कसे? त्या काळी भिस्त लघवीच्या तपासणीवर होती. निळ्या द्रावणात लघवी घालून तापवायची; साखर असेल तर रंग विटकरीकडे झुकतो. अडचण अशी की रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. शिवाय लघवी गेल्या काही तासांची साठलेली असते. म्हणजे उत्तर उशिराचे आणि ढोबळ.

आज सातारा-सांगलीतले रुग्ण दंडावर सेन्सर लावून दर काही मिनिटांनी आकडा पाहतात आणि वेगळ्याच पेचात पडतात. सेन्सर १४२ म्हणतो, बोट टोचले तर १६५. खरे कोणाचे? दोन्ही बरोबर असू शकतात. बोटाची पट्टी रक्तातली साखर मोजते, तर सेन्सर कातडीखाली पेशींभोवतीच्या द्रवातली. साखर आधी रक्तात बदलते, त्या द्रवात पाच-दहा मिनिटांनी. जेवणानंतर किंवा शेतात राबताना ती झपाट्याने चढत-उतरत असते, तेव्हा तफावत जास्त दिसते. तुलना करायचीच तर जेवणाआधी, साखर स्थिर असताना करावी.

बोटाचे यंत्रही देवाचा शब्द नव्हे. आंतरराष्ट्रीय निकषानुसार १०० च्या वरच्या साखरेला त्याला १५ टक्के चूक माफ आहे. खरी साखर २०० असेल तर १७० ते २३० मधला कोणताही आकडा चालतो. नव्या सेन्सरची सरासरी चूक ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. तासगावात द्राक्षे तोडून किंवा गुळाची ढेप हाताळून बोट टोचले, तर बोटावरची साखरच पट्टीत उतरते आणि आकडा भलताच फुगतो. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही, हात साबणाने धुवून कोरडे करावे लागतात. सेन्सरच्या खोडी वेगळ्या: पहिल्या दिवशी तो कमी भरवशाचा असतो, झोपेत त्या कुशीवर दाब पडला तर साखर खोटीच घसरलेली दाखवतो, आणि काही सेन्सरना ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस किंवा पॅरासिटामॉल चकवतात.

सेन्सरचे खरे मोल त्याच्या बाणात आहे. साखर कुठे चालली आहे हे एकट्या टोचणीला कधीच कळत नाही, आणि रात्री तीनला झोपलेल्या माणसाला ती जागेही करत नाही. मात्र घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि सेन्सर सारे ठीक म्हणत असेल, तर शरीरावर विश्वास ठेवून लगेच बोट टोचावे. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे.

टिळक जून १९१४ मध्ये सुटले. मधुमेह सांभाळतच त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग उभी केली आणि १९१८ मध्ये विलायत गाठली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात वयाच्या ६४ व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचण्यात आले.