लेबलाच्या पलीकडे

माझ्या थोरल्या भावाने मधुमेह समूळ घालवणाऱ्या एका चूर्णापायी सहा महिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद ठेवल्या. शेवटी पाय कापावा लागला. नंतर मी तो डबा तपासला. आयुष्य बँकेत गेलेले, बारीक अक्षर वाचायची सवय. घटक, वजन, तारीख, सारे चोख छापलेले. मग खोटे होते कुठे?

याचे उत्तर मला डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली यांच्या चरित्रात सापडले.

वायली १८४४ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. वैद्यकीची पदवी घेतली, पण रमले रसायनशास्त्रात. १८८३ मध्ये ते सरकारच्या कृषी खात्यात मुख्य रसायनज्ञ झाले. तो काळ बेबंद होता. दुधात फॉर्माल्डिहाइड घालत. तान्ह्या मुलांना शांत करणाऱ्या एका प्रसिद्ध सिरपमध्ये मॉर्फीन असे, आणि बिचाऱ्या आईला ते कळायची सोय नव्हती.

१९०२ मध्ये वायलींनी वॉशिंग्टनला कचेरीच्या तळघरात चक्क खाणावळ थाटली. बारा धडधाकट तरुण आपखुशीने तिथे जेवू लागले. जेवण उत्तम, मात्र त्यात मोजून बोरॅक्स आणि पुढे अन्न टिकवण्याची इतर रसायने. कुणाची भूक मेली, कुणाचे पोट बिघडले. सगळ्याची नोंद झाली. वर्तमानपत्रांनी या मंडळींचे नाव ठेवले ‘पॉयझन स्क्वॉड’. लोकमत तापले आणि ३० जून १९०६ रोजी कायदा झाला. औषधात अफू, मॉर्फीन, कोकेन वा मद्य असेल तर ते लेबलावर लिहिणे भाग पडले.

पण मेख पुढेच होती. १९११ मध्ये कर्करोगावरच्या एका तथाकथित औषधाचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला. बहुमताचा निकाल असा, की कायदा घटकांविषयीच्या खोट्यापुरता आहे. गुण येण्याच्या दाव्याला तो लागू नाही. १९१२ मध्ये दुरुस्ती झाली, पण विक्रेत्याचा फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट घालून. आणि लेबलाबाहेरची जाहिरात तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हती. अन्न-औषधांच्या खोट्या जाहिरातींना नेमका लगाम बसायला १९३८ साल उजाडले.

वरिष्ठांशी खटके उडून वायलींनी १९१२ मध्ये राजीनामा दिला आणि ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत ते बाजारातल्या वस्तू तपासू लागले. १९३० मध्ये ते वारले, तारीख पुन्हा ३० जून.

आपल्याकडे मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. भावाला ते ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. कर्जदाराचे स्टॉक स्टेटमेंट हाती आले की मी गोदाम पाहून येत असे. त्या डब्याच्या वेळी मात्र घटकांची यादी पाहून थांबलो असतो. डब्यात काय आहे हा एक प्रश्न. त्याने गुण येतो हे कुणी, कशावर तपासले, हा दुसरा. आता मी दुसरा आधी विचारतो.