उनाड पोरगा आणि अंड्यातला मेंदू

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्यापैकी ज्यांनी झूऑलॉजी घेतलंय, त्यांना कोंबडीच्या गर्भाची स्लाइड नवी नाही. घरी कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसते, २१ दिवसांनी पिल्लं. आत काय घडतं ते आपण प्रॅक्टिकलला बघतो, आकृती काढतो, जर्नल सबमिट करतो, विषय संपला. सांतियागो रामोन इ काहालसाठी विषय तिथेच सुरू झाला.

जन्म १८५२, स्पेनमधलं खेडं. पोरगा एक नंबरचा उनाड. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवलं म्हणून अकराव्या वर्षी कोठडीत जाऊन आला! त्याला चित्रकार व्हायचं होतं. वडील डॉक्टर, त्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. चिडून त्यांनी त्याला सलूनमध्ये, मग बूट शिवणाऱ्याकडे कामाला लावलं. शेवटी स्वतःच शरीररचना शिकवली आणि चित्राचा हात तिथे कामी आला. पुढे लष्करी डॉक्टर म्हणून क्युबात गेला, मलेरिया घेऊन परतला. साठवलेल्या पगारातून मायक्रोस्कोप घेतला.

तेव्हा बडे शास्त्रज्ञ मानायचे, की मेंदू म्हणजे एकसलग जाळं. इटलीच्या गॉल्गीच्या पद्धतीने चेतापेशी काळ्या रंगवता यायच्या, पण मोठ्या मेंदूत गुंता फार. म्हणून काहालने पिल्लं आणि गर्भ घेतले. १८८८ मध्ये त्याला दिसलं, प्रत्येक पेशी सुटी आहे. स्पॅनिशमधलं वाचतो कोण? त्याने पदरच्या पैशाने नियतकालिक काढलं. १८८९ ला स्लाइड्स घेऊन बर्लिन गाठलं, तेव्हा कुठे लोकांनी ऐकलं. १८९० मध्ये वाढत्या चेतातंतूच्या टोकाशी त्याने एक शंकू पाहिला. निर्जीव कापावरून त्याने ओळखलं, की हे टोक वाट शोधत पुढे सरकतंय. १९०६ चं नोबेल त्याला आणि गॉल्गीला मिळून मिळालं. गॉल्गीने भाषणात काहालचा सिद्धान्तच खोडायला घेतला, हा भाग भारी आहे.

१९३४ मध्ये काहाल गेला. १९८९ मध्ये उंदराच्या गर्भात आणखी एक प्रवास सापडला, आणि यात तर अख्ख्या पेशीच चालत जातात. वयात येण्याचं हार्मोन बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूत जन्मतच नाहीत; त्या नाकापाशी तयार होतात आणि वासाच्या तंतूंना धरून मेंदूत शिरतात. उंदरात त्या जेमतेम ८०० च्या आसपास. माणसातही हाच मार्ग. त्या वाटेत अडकल्या, तर मूल आपोआप वयात येत नाही आणि बऱ्याचदा त्याला वासही येत नाही. याला कॉलमन सिंड्रोम म्हणतात. हार्मोनचे उपचार आहेत. पण दाढी-मिशी फुटली नाही, पाळी आली नाही, हे घरी सांगायलाच पोरं लाजतात, आणि वास येत नाही हे तर डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कुणी बोलतही नाही.