सर दोराबजी टाटा आणि बेळगावचा चौगुले

सर दोराबजी टाटा हे नाव घेतले की डोळ्यांपुढे पोलाद येते, जमशेदपूर येते, नाहीतर परळचे टाटा हॉस्पिटल येते. आपल्या भागातल्या किती घरांनी रात्रीची गाडी पकडून परळची वाट धरली आहे, ते काकतीकरांना वेगळे सांगायला नको. पण याच दोराबजींनी १९२० साली पदरचे पैसे घालून हिंदुस्थानचा पहिला संघ ऑलिंपिकला धाडला आणि त्या संघात आपल्या बेळगावचा एक धावपटू होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. काकती म्हटली की राणी चन्नम्मा आठवते, ते योग्यच. बेळगाव म्हटले की हॉकीतले बंडू पाटील आणि त्यांचे टोकियोचे सुवर्णपदकही जुन्या मंडळींना आठवते. चौगुल्यांचे नाव मात्र मागे पडले आहे. ते पुढे आणायचे तर दोराबजींपासूनच सुरुवात करावी लागते, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी टाटांचे ते थोरले चिरंजीव. धाकटे बंधू रतनजी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणजे बरीच वर्षे घरात हे एकटेच. मुंबईत शाळा झाल्यावर १८७५ मध्ये वडिलांनी त्यांना इंग्लंडला केंट परगण्यात खाजगी शिक्षकाकडे ठेवले आणि पुढे दोन वर्षांनी ते केंब्रिजला गेले. तिथे पुस्तकांइतकाच वेळ मैदानावर गेला. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये त्यांनी नाव काढले. १८७९ मध्ये परत आल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली ते पदवीधर झाले. कोट्यधीशाचा मुलगा थेट गादीवर बसला असेल असे वाटते, पण त्यांनी आधी दोन वर्षे एका वर्तमानपत्रात बातमीदारी केली. मग पाँडिचेरी, नागपूरची एम्प्रेस मिल अशा ठिकाणी वडिलांच्या धंद्यातली उमेदवारी झाली.

पोलादाची कथा पुष्कळांनी लिहिली आहे, त्यामुळे ती थोडक्यात सांगतो. वडिलांचे स्वप्न होते की देशात लोखंडाचा मोठा कारखाना व्हावा. त्यासाठी दोराबजी अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्याबरोबर चांदा जिल्ह्याच्या रानात बैलगाडीने हिंडले. तिथे मनाजोगते काही मिळेना. पुढे नागपूरच्या संग्रहालयात एका भूगर्भीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोहखनिजाची खूण दिसली आणि शोधाला दिशा मिळाली. १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. कारखाना त्यांना पाहता आला नाही. १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली, १९१२ मध्ये साकचीला पहिले पोलाद निघाले. एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. जमशेटजींनी मरणाआधी मुलाला जे पत्र लिहिले, त्यात कारखान्याशेजारच्या गावाचा आराखडा होता; रुंद रस्ते आणि झाडे हवीत, तशीच फुटबॉल-हॉकीसाठी मोठी मैदानेही राखून ठेवावीत, असे त्यात बजावले होते. कारखाना अजून कागदावरही नीट उतरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खेळाचे वेड दोराबजींनी केवळ विलायतेहून आणले नव्हते, ते घरातच होते असे आम्हांला वाटते.

दोराबजी पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. ही संस्था १९०६ सालची. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. जिमखान्याच्या वार्षिक खेळांना दोराबजी हजर राहू लागले, तेव्हा तिथला सगळा कारभार देशी थाटाचा होता. नियम आपापले, मोजमाप अंदाजाचे. दोराबजींनी चालकांना ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे शर्यती घ्यायला लावले. मग एका वर्षी त्यांनी लांब पल्ल्याची शर्यत पाहिली. पळणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतले शेतकरी होते. पायांत काही नाही, शिकवणारा कुणी नाही, खुराकाचा पत्ता नाही, आणि कित्येक मैलांचा खडीचा रस्ता. पहिल्या काही जणांना लागलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले. युरोपात वर्षानुवर्षे तयार केलेले धावपटू जी वेळ देतात, तिच्या आसपास ही अनवाणी माणसे पोहोचत होती.

अशी शर्यत त्यांच्या आधी अनेकांनी पाहिली असेल. गावोगावच्या जत्रांत पळणारे, कुस्ती खेळणारे, धोंडा उचलणारे तेव्हाही कमी नव्हते. पण बक्षिसाचा फेटा बांधला की विषय संपायचा. या माणसाची वेळ जगाच्या वेळेशी लावून पाहावी, हा विचार दोराबजींनी केला, आणि तो नुसता बोलून न सोडता त्यांनी त्यासाठी पैसे काढले. तीन धावपटूंना आपल्या खर्चाने बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवायची त्यांची तयारी होती. हे कळल्यावर पुण्यातली स्वाभिमानी मंडळी उठली. तीनच का, पुरा संघ का नको? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची मदत घेऊन हिंदुस्थानला वेगळा प्रवेश मिळवण्यात आला, सरकारने काही रक्कम दिली, काही वर्गणी जमली आणि मोठा वाटा पुन्हा दोराबजींनीच उचलला. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड एकटे पळाले होते आणि त्यांनी पदकेही आणली होती, पण देशाचा संघ म्हणावा असा हा पहिलाच.

संघ तो किती मोठा? पळणारे चार आणि पैलवान दोन. बॅनर्जी हे बंगालचे, कमी अंतराचे धावपटू. दातार, कैकाडी आणि चौगुले हे लांब पल्ल्याचे. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. व्यवस्थापक सोहराब भूत.

यातले फडेप्पा दरेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. नाव कानडी वळणाचे, आडनाव चौगुले. सीमाभागाबाहेरचा माणूस अशा नावाला अडखळेल, पण इथे कुणाला त्यात नवल वाटणार नाही. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. शिक्षण, कोर्टकचेरी, व्यापार, सगळ्यांसाठी माणसे पुण्याकडे जात, तशीच ती पळायलाही पुण्याला गेली. आज बेळगावचा पोरगा धावायला बेंगळुरूला जातो, तेव्हा पुण्याला जायचा, एवढाच फरक.

संघाला आधी इंग्लंडला नेऊन काही आठवडे सराव देण्यात आला. बूट घालून पळणे, मापाच्या गोल मैदानावर पळणे, विलायती जेवण, सगळेच नवे. ज्याचे पाय आयुष्यभर मातीला सरावले, त्याला बुटांत पळायला लावणे म्हणजे काय, हे ज्यांनी शाळेच्या गॅदरिंगला पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घातले त्यांनी आठवून पाहावे.

अँटवर्पचे ऑलिंपिक हे युद्धानंतरचे पहिले. बेल्जियम युद्धात भाजून निघाला होता. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज याच खेळांत पहिल्यांदा फडकला आणि खेळाडूंची शपथही इथूनच सुरू झाली. आपल्या पोरांना मात्र आपला म्हणावा असा झेंडा नव्हता.

दहा हजार मीटरमध्ये चौगुल्यांना पुढची फेरी गाठता आली नाही. २२ ऑगस्टला मॅरेथॉन होती. मॅरेथॉनचे अंतर त्या काळी ठरलेले नसे. अँटवर्पला ते ४२ किलोमीटर ७५० मीटर होते, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. काकतीत महामार्गाला लागावे, वंटमुरीचा घाट आणि हत्तरगी मागे टाकून पळत राहावे आणि संकेश्वरच्या आसपास थांबावे, इतके हे अंतर. त्या दिवशी हवा थंड होती आणि पाऊस होता. बेळगावच्या माणसाला ऑगस्टातल्या पावसाचे काय ते कौतुक!

शर्यत फिनलंडच्या हान्स कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. हे गृहस्थ पेशाने गवंडी, आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकलेले. दुसरा आलेला एस्टोनियाचा लॉसमन फक्त तेरा सेकंद मागे होता. तिसरा इटलीचा आर्री. त्याने एवढे पळून झाल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्या. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत आले. चाळीसहून अधिक धावपटू सुटले होते, त्यांत चौगुल्यांचा क्रमांक एकोणिसावा.

आम्ही हिशेब करून पाहिला. किलोमीटरला चार मिनिटे पडतात, आणि तीसुद्धा सलग बेचाळीस किलोमीटर. आपल्या मंडळाच्या शर्यतीत गावाला एक फेरी मारून धापा टाकणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून एकच किलोमीटर या वेगाने पळून पाहावा. परक्या देशात, परक्या रस्त्यावर, पहिल्याच खेपेला बेळगावचा माणूस जगातल्या पहिल्या विसांत आला. कुस्तीत रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. कांस्यपदक एका पायरीवर राहिले. ते आले असते तर आज शाळेच्या पुस्तकात शिंद्यांचे नाव असते आणि खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीच्या पदकाला बत्तीस वर्षांचा वडील भाऊ मिळाला असता.

संघ पदकाविना परतला. पैसे पाण्यात गेले म्हणणारे तेव्हाही असतीलच. आपल्याकडे एकोणिसाव्याला कुणी हार घालत नाही. दोराबजींनी मात्र काम सोडले नाही. त्याच सुमारास ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले, भारतातून पहिलेच. अँटवर्पचा संघ पुण्यात निवडला गेला होता. पुढच्या खेपेला साऱ्या देशातून निवड व्हावी म्हणून फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय खेळ झाले आणि त्यांतून पॅरिसचा संघ गेला. पॅरिससाठी टेनिसच्या मिश्र दुहेरीत महंमद सलीम यांच्याबरोबर लेडी मेहेरबाई टाटांचेही नाव होते. मेहेरबाई म्हणजे म्हैसूर संस्थानातले शिक्षणाधिकारी भाभा यांची कन्या. साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसे जिंकायच्या. ज्या काळात आपल्याकडे मुलींना अंगणात दोरीवरच्या उड्यासुद्धा बेताने मारायला सांगत, त्या काळातली ही बाई.

तेच १९२४ साल दोराबजींच्या आयुष्यातले सर्वांत कठीण. युद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले, कारखाना बुडायच्या बेतात आला, कामगारांचे पगार द्यायला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली, मेहेरबाईंच्या दागिन्यांसकट. त्यात ज्युबिली हिराही होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. एक कोटीचे कर्ज मिळाले आणि कारखाना तरला. ज्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार, त्याने खेळाडूंचा खर्च आधी कापला असता तर कुणी दोष दिला नसता. तीनच वर्षांनी, १९२७ मध्ये, भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. सचिव होते मद्रासच्या वायएमसीएचे डॉ. नोरेन. पुढच्या वर्षी दोराबजी बाजूला झाले आणि पतियाळाचे महाराज अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमला हॉकीचे पहिले सुवर्णपदक आले.

याच पायावर पुढे मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अकरा देश आले होते. आता संघाला आपला तिरंगा होता आणि मॅरेथॉनचे सुवर्णपदक आपल्याच छोटा सिंग यांनी जिंकले. एकतीस वर्षांपूर्वी अँटवर्पच्या पावसात चौगुले मॅरेथॉनमध्येच एकोणिसावे आले होते.

दोराबजींना यातले बरेचसे पाहायला मिळाले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. जून १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना इंग्लंडमध्ये ब्रुकवूडला पुरले. वर्षाच्या आत दोराबजींनी पत्नीच्या नावे त्या रोगाच्या संशोधनासाठी न्यास केला आणि उरलेली सारी मालमत्ता दुसऱ्या न्यासाला देऊन टाकली. परळचे हॉस्पिटल १९४१ मध्ये उभे राहिले ते याच पैशातून. आपल्यातल्या ज्यांनी तिथल्या ओसरीवर रात्री काढल्या, त्यांच्याशी दोराबजींचे नाते असे जुळते.

पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला समाधीवर जावे म्हणून ते युरोपला निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगन या गावी ३ जून १९३२ रोजी त्यांनी देह ठेवला. वडीलही जर्मनीतच वारले होते. दोराबजींना मेहेरबाईंच्या शेजारी ब्रुकवूडला पुरण्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाने अमेरिकेवर चोवीस गोल केले.