भुकेलं शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं. ही तूट भरायला आयुष्य देणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

जव्हार-मोखाडा म्हटलं की कुपोषणाच्या बातम्या आठवतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली आणि महाराष्ट्र हादरला.

पोटात अन्न कमी पडलं की शरीर नेमकं काय करतं? ते स्वतःचेच स्नायू मोडू लागतं. स्नायूंच्या प्रथिनांमध्ये मिथाइलहिस्टिडिन नावाचं एक बदललेलं अमिनो आम्ल असतं. स्नायू मोडला की ते सुटं होतं. शरीराला ते पुन्हा वापरता येत नाही, म्हणून लघवीवाटे बाहेर पडतं. त्याचं सहज वाफ होणारं रूप तयार करून गॅस क्रोमॅटोग्राफीच्या बारीक नळीतून पाठवलं की ते वेगळं होतं आणि मोजता येतं. मात्र त्याआधी मांसाहार बंद ठेवावा लागतो. नाहीतर खाल्लेल्या मटणाचाही हिशोब त्यातच धरला जातो.

ही झाली तुटीची मोजणी. पण ती तूट गरिबाला परवडेल अशा अन्नातून भरायची कशी? कमला सोहोनी यांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं.

१९११ मध्ये इंदूरला जन्म. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबईतून बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी १९३३ मध्ये एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं.

पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

परदेशात न थांबता त्या भारतात परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. कच्च्या कडधान्यांमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यांचा अभ्यास त्यांनी इथे केला. हे घटक शिजवल्यावर बरेचसे निकामी होतात.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या नीरेचाही अभ्यास केला. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर महिलांना ती दिल्यावर तब्येतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचं निधन झालं.

आज जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली, वरई, उडीद पिकतो. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबं मुलांना घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. कोणत्या अन्नात काय आहे, हे विज्ञानाने कधीच सांगितलंय. ते त्या मुलांच्या ताटात पोहोचवणं अजून बाकी आहे.